कोरी सोळा पानं

त्रेसष्ट सालच्या जूनमध्ये माझी बदली मुरुमच्या कन्याशाळेत झाली, तेव्हा आमच्या तुळजापुरात घरच्यांची तोंडं पाहण्यासारखी झाली होती. पुजाऱ्याची लेक, एकटी, आणि तीही पार उमरग्याच्या बाजूला! मी मात्र खुशीत होते. यात्रेकरूंची अंथरुणं घालून आणि काढून मला कंटाळा आला होता. शिवाय मी भांडखोर आहे, हे आधीच सांगून टाकते. पुढं जे झालं त्यात माझ्या तोंडाचा वाटा मोठा आहे.

मुरुमला गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी वाचनालय शोधून काढलं. मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या मागं एक लांबट खोली होती. तिच्या अर्ध्या भागात पुस्तकांची कपाटं आणि उरलेल्या अर्ध्यात बाइंडिंगचं दुकान. दोन्हींचा कारभार एकाच माणसाकडं, तो म्हणजे सिद्धलिंग. वय चाळिशीचं, अंगानं काटकुळा, डोळ्यांवर जाड काचांचा चष्मा आणि बोटांना कायम खळ. वाचनालयाला वेगळा ग्रंथपाल नव्हता, म्हणून जो पुस्तकं शिवतो त्यालाच ती सांभाळायला दिली होती. वाचनालयाच्या समितीनं घेतलेला हा बहुधा एकमेव शहाणा निर्णय असावा.

सिद्धलिंग बाराव्या वर्षापासून शिवणीला बसलेला. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण वाचन असं की मुलांच्या शाळेचे हेडमास्तर त्याच्याशी वाद घालताना आधी दार लावून घ्यायचे. न वाचलेलं पुस्तक तो शिवायचा नाही. "न वाचता शिवलं की पानं उलटीसुलटी लागत्यात, बाई," तो म्हणायचा. सरकारी कचेरीतली जुनी दफ्तरं शिवायला आली तर तीसुद्धा वाचायचा. कोणाची विहीर कोणाच्या बांधात आहे हे तलाठ्यापेक्षा त्याला जास्त ठाऊक होतं.

त्याची आणखी एक रीत मला फार आवडायची. पुस्तक छापताना कागदाचा एक मोठा तुकडा दुमडून सोळा पानं होतात, त्याला फर्मा म्हणतात. जुन्या पुस्तकातला एखादा फर्मा गहाळ असला, तर सिद्धलिंग तिथं तितकीच कोरी पानं शिवायचा. पुढंमागं कुठं पुरी प्रत सापडली, तर हातानं उतरवून घेता यावं म्हणून. अठ्ठावीस वर्षांत त्याच्या हातून एक पान हरवलं नव्हतं, आणि ही गोष्ट तो नव्या सभासदाला पहिल्याच भेटीत सांगायचा. मलाही सांगितली.

त्याच्याबरोबर अंबादास राहायचा. हा मोंढ्यात धान्य मोजणारा मापाडी. धिप्पाड, गडगडाटी हसणारा, पोत्यांवर कुंचल्यानं मालकाची नावं लिहिणारा. दुकानामागच्या खोलीत दोघं बारा वर्षं एकत्र राहत होते. लिंगायताचा मुलगा आणि मराठ्याचा मुलगा एका चुलीवर कसे जेवतात, यावर गावानं सुरुवातीला भरपूर बोलून घेतलं होतं. बोलून बोलून गाव दमलं आणि पुढचं काही विचारायचं राहूनच गेलं. संध्याकाळी अंबादास भाकरी थापायचा, सिद्धलिंग त्याला त्या दिवशी वाचलेलं सांगायचा. अंबादासनं आयुष्यात एक पुस्तक पुरं वाचलं नव्हतं, पण त्याला तीनेकशे पुस्तकांच्या गोष्टी येत होत्या.

पावसाळ्यात सोलापूरच्या एका वकिलांच्या घरून दोन ट्रंका भरून पुस्तकं आली. वकील वारले होते, घरच्यांनी वाचनालयाला देऊन टाकली. त्यांत एक कादंबरी होती, 'कासार आणि नावाडी'. लेखकाच्या नावाच्या जागी नुसतं 'एक प्रवासी'. एका नदीकाठच्या गावी बांगड्या विकायला येणारा कासार, आणि त्याला नदीपार नेणारा नावाडी. दोघांचं एकमेकांवर प्रेम जडतं. मैत्री नव्हे हो, प्रेम. लेखकानं कुठं झाकपाक केली नव्हती. अकराव्या प्रकरणात नावाडी सरळ म्हणतो, "तू या काठाला नसलास की मला ही नदी रुंद वाटते." हे वाक्य मी मधल्या सुट्टीत वाचलं आणि घंटा झालेली मला ऐकू आली नाही. तिसरीच्या मुलींनी वर्गात फुगडी घातली.

दोनशे आठव्या पानावर नदीला पूर येतो. नाव मधोमध, कासार काठावर उभा. 'त्याने हात वर केला आणि' एवढ्यावर पान संपतं. पुढं सिद्धलिंगनं शिवलेली सोळा कोरी पानं.

"हे काय?" मी विचारलं.

"शेवटचा फर्मा न्हाय, बाई," सिद्धलिंग मान खाली घालून शिवण ओढत म्हणाला.

पुस्तक गावात फिरायला लागलं आणि जो तो परत देताना काहीतरी बोलायला लागला. समितीचे अध्यक्ष कल्याणप्पा, मोंढ्यातले मोठे आडते. त्यांचं म्हणणं, पुस्तक छान आहे, पण कासाराला धंदा कळत नाही. "बांगड्या घेऊन पावसाळ्यात नदीकाठी कोण फिरतं ओ? लग्नसराईत यायला पायजे!" त्या दोघांच्या प्रेमाचं काय, असं मी मुद्दाम विचारलं. ते पान चघळत म्हणाले, "ते हाय की. पण धंदा बुडाला तर प्रेम काय खातंय?"

त्यांच्या पत्नी जगदेवी वाचनालयात येत नसत. त्यांच्या मुलीच्या अभ्यासाचं निमित्त करून मी त्यांच्याकडं जायची. एकदा त्या शेंगा फोडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "यव्वा, सगळं लिव्हलं, पण त्या दोघांचं सैपाकपाणी कोण करतंय ते लिव्हलंच न्हाय बघा. पुरुष माणसानं लिव्हलेलं दिसतंय."

निजामाच्या काळात कचेरीत पेशकार असलेले नारायणराव समितीवर होते. त्यांचं सारं शिक्षण उर्दूतून झालेलं. त्यांना तर या साऱ्या चर्चेचं हसू आलं. "बाईसाहेब, आमच्या उर्दूत शायर लोकांनी हे शेकडो वर्षं लिहिलंय. आम्ही मदरशात पाठ करत होतो, मौलवीसाहेब छडी घेऊन समोर बसलेले! मराठीत उशिरा पोचलं, इतकंच." आणि त्यांनी खिशातलं फाउंटनपेन काढून पहिल्या कोऱ्या पानावर उजवीकडून डावीकडं आपला शेवट लिहून खाली दस्तखत ठोकली. दोघं पैलतीरी भेटतात, चंद्र उगवतो, वगैरे. वाचणारा गावात दुसरा कोणी फारसा नव्हता, म्हणून ते येईल त्याला वाचून दाखवायचे.

एरवी पुस्तकाच्या पानाचा कान दुमडला तरी सिद्धलिंग सभासदाला आठवडाभर पुस्तक द्यायचा नाही. पण नारायणरावांनी शाईनं लिहिलं तर हा काही बोलला नाही. मला नवल वाटलं होतं. मग काय, सगळ्यांनाच हुरूप आला. कल्याणप्पांनी लिहिलं की पूर ओसरला, नावाड्यानं नाव विकली आणि दोघांनी मुरुमच्या बाजारपेठेत मारुतीच्या देवळापासून तिसरं दुकान घेतलं. जगदेवींनी वाकड्या अक्षरात लिहिलं, 'नावाड्यानं आधी कासाराच्या आईला भेटून यावं. ती रागवंल, पन जेवू घालील.' मी लिहिलं की इतका उशीर केल्याबद्दल कासारानं नावाड्याला चांगलं फैलावर घेतलं.

एका पानावर कोणीतरी नाव न सांगता लिहिलं होतं, 'दोघेही बुडून मेले. बरे झाले.' त्याखाली दुसऱ्या अक्षरात, 'तुला तरी पोहता येते का रे?'

मी हसले. सिद्धलिंग हसला नाही. त्यानं पुस्तक मिटून कपाटात ठेवलं.

पुढचं मला नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते. त्या संध्याकाळी अंबादासनं नेहमीसारखं विचारलं, "आज कुणी काय लिवलं?" सिद्धलिंगला खोटं बोलता येत नव्हतं. ऐकून अंबादासनं चुलीवरची भाकरी तशीच सोडली. अशातच मुलांच्या शाळेचे हेडमास्तर मार्तंड गुरुजी, जे समितीचे चिटणीस होते, त्यांनी नोटीस लावली. दिवाळीनंतरच्या बैठकीत 'सदर पुस्तक बाद करण्यात यावे' असा ठराव येणार होता. बाद झालेलं पुस्तक सिद्धलिंगकडंच यायचं. ते त्यानं फाडायचं आणि पानांना खळ लावून, एकावर एक चिकटवून दुसऱ्या पुस्तकांचे पुठ्ठे करायचे, असा नियम होता. अंबादासनं आपली पत्र्याची पेटी बाहेर काढली. "आज पुस्तकाला भाईर काढत्याल, उद्या आपल्याला. गावानं त्याला काढलं, तर म्या माकणीला भावाकडं जातो. माझ्यापायी तुझ्यावर बोट नको." सिद्धलिंगनं खूप समजावलं. पेटी उंबऱ्याजवळच राहिली.

मला यातलं काही माहीत नव्हतं. मी आपली गुरुजींवर चिडले होते. पुस्तक पुरं असतं तर त्याला कोणी हात लावला नसता, असं माझ्या डोक्यानं घेतलं. दिवाळीत तुळजापूरला गेले, दोन दिवस घरचा फराळ खाल्ला आणि तिसऱ्या दिवशी यात्रेकरूंच्या परतीच्या गाडीनं सोलापूर गाठलं. तिथल्या वाचनालयात तीन तास धूळ खाल्ल्यावर 'कासार आणि नावाडी'ची सबंध प्रत मिळाली. घरी न्यायला देईनात, तेव्हा तिथंच बसून शेवटची सोळा पानं फुलस्केप कागदावर उतरवली.

उतरवता उतरवता माझा हात थांबला होता. शेवटात नावाडी बुडतो. कासार लग्न करतो, दर वर्षी त्या नदीवर येतो, पाण्याला हात जोडतो आणि म्हणतो, आपण चुकलो, हे प्रायश्चित्तच होतं. मला इतका संताप आला की लेखक समोर असता तर त्याला अंगठे धरून उभा केला असता. दोनशे आठ पानं ज्यांच्यावर जीव लावायला लावला, त्यांना शेवटच्या सोळा पानांत असं टाकून द्यायचं? पण अर्धं काम सोडायची मला सवय नाही. दात खात सगळं उतरवलं.

आणि मग माझ्या तोंडानं घोळ केला. उमरग्याहून येताना एसटीत मार्तंड गुरुजी भेटले. त्यांना डिवचायला म्हणून मी ऐटीत सांगितलं, "गुरुजी, शेवट सापडला बरं का!" काय आहे, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. गुरुजींच्या चेहऱ्यावर हळूहळू जे समाधान पसरलं ते पाहून मला शंका आली, पण तोवर मुरुम आलं होतं.

मी तडक दुकानात गेले आणि कागद सिद्धलिंगपुढं ठेवले. वाटलं, हा उड्या मारील. त्यानं पहिली ओळ वाचली आणि कागद माझ्याकडं सारला.

"मला पाठ हाय हे, बाई."

मग तो उठला. कोपऱ्यात पुस्तकं दाबून ठेवायचा लाकडी शिकंजा होता. त्याचा मळसूत्री दांडा सैल करून त्यानं तळातून एक फर्मा काढला. जुना, पिवळसर. दोनशे नऊ ते दोनशे चोवीस.

"हरवला नव्हता?"

"म्या हरवला. आपल्या हातानं." त्यानं चष्मा काढून धोतराला पुसला. "तेरा फर्मे वाचताना लई बरं वाटलं, बाई. कुणीतरी आपल्याला बघून लिवलंय असं वाटलं. संध्याकाळी अंबादासला सांगायचो, तो भाकरी थापायचा थांबायचा. चौदावा वाचला आणि मला तो त्याला सांगता येईना. म्हणून शिवलाच न्हाय. कोरी पानं घातली. म्हटलं, लेखकानं त्यांना मारलं. आपलं गाव काय करतं ते तरी बघू. जगू देतं का."

'आपल्याला बघून' या दोन शब्दांत त्यानं मला बारा वर्षं सांगून टाकली होती. मग त्यानं पेटीचं आणि माकणीचंही सांगितलं. मला स्वतःची लाज वाटली. एवढंच म्हणाले, "सिद्धलिंगअण्णा, मी गुरुजींना सांगून बसले हो."

"सांगितलं तर सांगितलं," तो म्हणाला. आवाज मात्र उतरला होता.

रविवारी दुपारी वाचनालयात बैठक झाली. बाकांवर समिती आणि मागं वीस-पंचवीस सभासद. मला बोलावलं नव्हतं, मी गेले. अंबादास मोंढ्यातून परस्पर आला होता आणि दाराबाहेरच उभा होता. हाताला काळी शाई, कुंचला आणि शाईचा डबा हातात तसाच.

मार्तंड गुरुजी उठले आणि म्हणाले की ठरावात दुरुस्ती आहे. पुस्तकाचा खरा शेवट वनमालाबाईंनी परिश्रमपूर्वक आणला आहे, त्यात लेखकानं या प्रकाराला योग्य ती शिक्षा दिलेली आहे. तेव्हा तो शेवट जोडल्यास पुस्तक बोधपर ठरतं आणि ते वाचनालयात ठेवायला हरकत नाही. न जोडल्यास बाद करावं. मी घाम पुसला. बाद झालं तरी अंबादास जाणार, आणि तो शेवट शिवून पुस्तक राहिलं तर कोणत्या तोंडानं राहणार?

कल्याणप्पांनी मान डोलावली. त्यांना दुपारची झोप यायला लागली होती. "बरं. शिवून टाक सिद्धलिंग."

सिद्धलिंगनं पुस्तक उघडून टेबलावर पालथं धरलं आणि शिवणीचा दोरा कापायची सुरी हातात घेतली. तो म्हणाला, "शिवतो, अण्णा. पण आदी ही पानं काढावी लागत्याल."

"कुठली पानं?"

"ही सोळा. त्यांच्याच जागी तो शेवट बसनार. तुमी लिवलेलं निघंल."

कल्याणप्पांची झोप उडाली. "आं? माझं दुकान?"

"तेबी."

"अरे, मी काय रिकामटेकडा म्हणून लिहिलं का ते? तीन वेळा पानं खराब केली घरात, मग उतरवलं त्यात!" ते गुरुजींकडं वळले. "आणि आमच्या मंडळींनी लिहिलंय त्यात. ते काढलं म्हणून मी घरी सांगू? तुम्ही येऊन सांगता का, गुरुजी?"

नारायणरावही उभे राहिले. त्यांच्या दस्तखतीचं पान काढायचं असेल तर आधी कोणीतरी ते वाचून त्यात आक्षेपार्ह काय ते दाखवावं, असं त्यांनी अदबीनं सुचवलं. मागच्या बाकांवरून आवाज यायला लागले. पोस्टमननं लिहिलं होतं, कंपाउंडरनं लिहिलं होतं. 'बरे झाले' लिहिणारासुद्धा मागं कुठंतरी असणारच, पण आपलं पान काढू नका असं तोही म्हणेना आणि काढा असंही म्हणेना.

"पण लेखकाचा शेवट तो खरा शेवट!" गुरुजी ओरडले.

"लेखक मुरुमचा आहे का?" कल्याणप्पा म्हणाले. "पुस्तक आपलं, कोरी पानं आपल्या सिद्धलिंगची, लिहिलं आपण. बाई, ते कागद ठेवा बघू आत."

मी कागदांची घडी केली, पिशवीत घातली आणि पिशवी बुडाखाली घेऊन बाकावर बसले. "ते माझ्या अक्षरातले आहेत. मी देत नाही," मी म्हणाले. "गुरुजींना हवे असतील तर त्यांनी सोलापूरला जाऊन स्वतः उतरवावेत. शोधायलाच तीन तास लागतात."

हात वर झाले. पुस्तक आहे तसं ठेवायच्या बाजूनं सगळे, विरोधात एक. गुरुजींनी विरोध नोंदवून घेतला. खरं सांगायचं तर त्यांचाही जीव त्यात अडकलाच असणार, कारण त्या सगळ्या शेवटांमधलं शुद्धलेखन लाल शाईनं त्यांनीच तपासून ठेवलेलं होतं. जगदेवींच्या 'पन'चा णसुद्धा सोडला नव्हता.

माणसं पांगली. सिद्धलिंग सुरी हातात धरून तसाच बसला होता. तेव्हा अंबादास आत आला. बारा वर्षांत तो वाचनालयाच्या बाजूला कधी आला नव्हता, दुकानाच्या बाजूनंच वावरायचा. त्यानं पुस्तक हातात घेतलं आणि मला विचारलं, "बाई, येकांदं पान ऱ्हायलंय का?"

सोळावं राहिलं होतं. मी उघडून दिलं.

त्यानं डब्यात कुंचला बुडवला, पोत्याला धरतात तसं डाव्या हातानं पान ताणून धरलं आणि मोठमोठ्या काळ्या अक्षरांत लिहायला लागला. दोन ओळींत पान भरलं.

नावाडी घरी आला.
भाकर झाकून ठेवलेली व्हती.

तोवर त्या पुस्तकात कोणीच नाव घातलं नव्हतं. होती ती फक्त नारायणरावांची उर्दू दस्तखत, तीही गावाला वाचता न येणारी. बाकी बहुतेक नुसते अक्षरावरून ओळखू येत. अंबादासनं पुन्हा डब्यात कुंचला बुडवला. मग कुंचला उभा धरून, उरलेल्या चिंचोळ्या जागेत, मोंढ्यातल्या प्रत्येक पोत्यावर लिहायचा तसं त्यानं लिहिलं. आधी आपलं नाव, मग वडिलांचं, मग गाव.

पोत्यावरची शाई सुकायला वेळ लागतो. सिद्धलिंगनं सुरी खाली ठेवली आणि ते पान दोन्ही हातांनी उघडं धरून तो बसून राहिला. मी त्याच्या खांद्यावरून वाकून वाचलं.

अंबादास गोरोबा. मुक्काम मुरुम.